जबडा जुळला, ओठ अजून सुन्न: नस परतायला किती दिवस, किती खर्च

मामेभावाच्या जबड्याच्या ऑपरेशनला अकरा दिवस झाले होते. अंगणात बसून तो चहा पीत होता आणि हनुवटीवरून चहा ओघळत गळ्यापर्यंत आला, तरी त्याला पत्ता नव्हता. मामीनं पदरानं पुसलं तेव्हा तो दचकला. ‘सुन्न है,’ एवढंच म्हणाला. मामांचं घर मऊरानीपुरात आहे. झाशी-ग्वाल्हेरकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांसारखं तेही घर: देवघरात गणपती, बोलण्यात अर्धी बुंदेली. मोटरसायकलवरून पडून मामेभावाचा खालचा जबडा मोडला. प्लेटा-स्क्रू बसले, दात नीट जुळले, एक्स-रे छान आला. खालचा ओठ आणि हनुवटीची उजवी बाजू मात्र आपली वाटेना.

मामीनं खर्चाची वही ठेवली होती. ऑपरेशनचं पान वेगळं आणि ऑपरेशननंतरच्या सहा महिन्यांची पानं वेगळी. मी ती पानं बसून पाहिली. सर्वांत मोठी रक्कम झाशीच्या फेऱ्यांची होती, दुसरी ताकदीच्या गोळ्या-इंजेक्शनांची. ओठाला किती कळतंय हे नीट तपासून लिहून ठेवण्यावरचा खर्च शून्य, कारण दवाखान्यात ते कोणी केलंच नव्हतं. ज्या एका गोष्टीवर पुढचे सगळे निर्णय अवलंबून असतात, नेमकी तीच राहिली. हा लेख त्या वहीमुळे लिहितो आहे.

आधी नस कोणती, ते समजून घेऊ. खालच्या जबड्याच्या हाडात एक बोगदा असतो. त्यातून जाणारी नस खालच्या दातांना संवेदना देते, मग दाढांच्या पुढे एका छिद्रातून बाहेर येऊन ओठ आणि हनुवटीकडे जाते. जबडा मोडला, किंवा पुढे-मागे सरकवण्यासाठी हाड उभं चिरलं, तर हीच नस ताणते, दबते किंवा क्वचित तुटते. अक्कलदाढेच्या आतल्या बाजूनं जिभेची वेगळी नस जाते. ती दुखावली तर अर्धी जीभ बधिर होते आणि चवही जाते. वरच्या जबड्याच्या ऑपरेशनमध्ये गाल, वरचा ओठ आणि टाळू बधिर होतात, पण तिथली संवेदना सहसा लवकर परतते.

या तिन्ही नसा फक्त कळण्याच्या आहेत, हलवण्याच्या नाहीत. म्हणून ओठ बधिर असला तरी वाकडा होत नाही. तोंड एका बाजूला ओढलं जात असेल किंवा डोळा मिटत नसेल, तर दुखावलेली नस वेगळी आहे. ते त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं.

आता दिवसांचा हिशोब, कारण पैशांचा हिशोब त्यावरच उभा आहे. सेडन या ब्रिटिश शल्यविशारदानं 1943 साली नसांच्या इजांचे तीन प्रकार मांडले आणि डॉक्टर आजही त्याच भाषेत विचार करतात. पहिल्या प्रकारात नस फक्त दबून गप्प झालेली असते. ती काही दिवसांत ते साधारण तीन महिन्यांत जागी होते. दुसऱ्यात नसेच्या आतले तंतू तुटतात, पण बाहेरची नळी शाबूत असते. तंतू त्या नळीतून दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीनं पुन्हा वाढतात. जबड्याच्या कोनापासून हनुवटीपर्यंतचं अंतर सहा-सात सेंटिमीटर धरा. म्हणजे नुसती वाट कापायलाच दोन-अडीच महिने, त्यात सुरुवातीची तयारी आणि शेवटची जुळणी धरली तर सहा महिने ते वर्ष. तिसऱ्यात नस पूर्ण तुटलेली असते आणि ती आपोआप जुळण्याची आशा फार थोडी असते.

जबडा सरकवण्याच्या ऑपरेशननंतर पहिल्या आठवड्यांत बहुतेकांचा ओठ बधिर असतो. त्यातल्या बहुतेकांना काही महिन्यांत बरंच परत मिळतं. काहींना थोडा बधिरपणा कायम राहतो, आणि चाळिशीच्या पुढे तो राहण्याची शक्यता वाढते. हे ऑपरेशनच्या आधी स्पष्ट सांगितलं गेलं पाहिजे.

परत येताना नस गडबड करते. मुंग्या येतात, करंट लागल्यासारखं होतं, खाज सुटते, ओठ आहे त्यापेक्षा मोठा झाल्यासारखा वाटतो. मामेभाऊ या झिणझिण्यांनी घाबरला होता, पण बहुतेक वेळा हे तंतू वाढत असल्याचं लक्षण असतं. काळजीची गोष्ट वेगळी. नुसता वारा लागला, टॉवेल लागला तरी जळजळ होते, आणि ती आठवड्यागणिक वाढत जाते. अशा वेळी तीन महिने थांबायचं नाही.

थांबायचं नाही असे आणखी तीन प्रसंग आहेत. ऑपरेशननंतर आधी कळत होतं आणि मग सूज किंवा पू यांबरोबर बधिरपणा वाढला, तर लगेच डॉक्टर गाठा. दाताचं रूट कॅनाल किंवा इम्प्लांट झाल्यावर भूल उतरल्यानंतरही ओठ बधिर राहिला, तर दुसऱ्या दिवशीची वाट न पाहता त्याच डॉक्टरांना फोन करा. औषध नसेच्या बोगद्यात उतरलं असेल किंवा स्क्रू नसेवर टेकला असेल, तर ते काढण्याचा लाभ पहिल्या एक-दोन दिवसांतच मिळतो. आणि कसलंही ऑपरेशन, मार किंवा दाताचा इलाज झालेला नसताना हनुवटी आपोआप बधिर झाली, तर ते गाठीचंही लक्षण असू शकतं. बुंदेलखंडात आणि आपल्या विदर्भ-मराठवाड्यातही गुटखा-खर्रा किती चालतो हे सांगायला नको. महाराष्ट्रात 2012 साली आणि उत्तर प्रदेशात 2013 साली गुटख्यावर बंदी आली, तरी चालतो. अशा माणसाची हनुवटी बधिर झाली तर व्हिटॅमिनची गोळी न देता तपासणीला न्या.

आता पैसे. योजनांनी मामीला जिथे चकवलं तिथून सुरुवात करतो.

आयुष्मान कार्ड म्हणजे प्रधानमंत्री जन आरोग्य योजना. कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण. 2024 च्या ऑक्टोबरपासून सत्तरीच्या पुढच्या सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता हे मिळतं. मोडलेल्या जबड्याचं ऑपरेशन त्यात बसतं आणि प्लेटा-स्क्रूचा खर्च पॅकेजमध्येच असतो. कोणी ‘प्लेट बाहेरून आणा’ म्हटलं, तर रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला, म्हणजे आयुष्मान मित्राला, विचारा किंवा 14555 वर फोन करा. कार्ड उत्तर प्रदेशचं असलं तरी ग्वाल्हेरात किंवा नागपुरात योजनेतल्या रुग्णालयात चालतं, आणि महाराष्ट्राचं कार्ड झाशीत. पण ही योजना भरती होण्याआधीचे 3 दिवस आणि डिस्चार्जनंतरचे 15 दिवस एवढाच मागचा-पुढचा खर्च उचलते. नस परतायला सहा महिने ते वर्ष लागतं. सोळाव्या दिवसापासूनची गोळी, तपासणी, भाडं सगळं आपल्या खिशातून. हे आधी माहीत असतं, तर मामीनं त्या पंधरा दिवसांतच पूर्ण तपासणी करून घेतली असती.

रस्त्यावरच्या अपघातासाठी केंद्राची रोखरहित उपचार योजना मे 2025 पासून आहे. नेमून दिलेल्या रुग्णालयात 1.5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण अपघातापासून 7 दिवसच. खासगी मेडिक्लेममध्ये डिस्चार्जनंतरचे साधारण 60 दिवस धरलेले असतात, काही पॉलिसींत 90. त्या काळातली प्रत्येक पावती, प्रत्येक प्रिस्क्रिप्शन सांभाळून ठेवा आणि मुदत संपण्याआधी दावा करा. मेडिक्लेममधून दातांचे उपचार सहसा वगळलेले असतात, मात्र अपघातामुळे भरती व्हावं लागलं तर बहुतेक पॉलिसींत चालतं. चेहऱ्याच्या ठेवणीसाठी जबडा सरकवायचा असेल, तर कंपनी त्याला सौंदर्यशस्त्रक्रिया म्हणून नाकारू शकते. चावता येत नाही, झोपेत श्वास अडतो अशी वैद्यकीय गरज असेल, तर सर्जनकडून ते लेखी घेऊन आधीच मंजुरी मागा. दावा नाकारला गेला, कंपनीकडे लेखी तक्रार केली आणि महिनाभरात समाधान झालं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्याला शुल्क नाही आणि 50 लाखांपर्यंतचे दावे चालतात. झाशी जिल्हा लखनौच्या कार्यालयाकडे येतो.

आता बाजारातले दर. हे लहान शहरांतले अंदाजी आकडे आहेत. दोन ठिकाणी फोन करून खात्री करा.

संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, ज्याला सगळे ओपीजी म्हणतात, तो 300 ते 800 रुपयांत होतो. नसेचा बोगदा आणि स्क्रू यांचं नातं नीट पाहायचं तर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, 1,500 ते 3,500 रुपये. हा प्रत्येकाला लागत नाही. पण प्लेट बसवल्यावर ओठ पूर्ण बधिर असेल, तर मी हा खर्च करायला सांगेन, कारण स्क्रू नसेत गेलाय की नाही हे त्यातूनच कळतं. एमआरआयची गरज क्वचित. कोणी पहिल्या भेटीतच लिहून दिला तर कारण विचारा.

गोळ्यांचं खरं सांगायचं तर मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी-12 चं एक रूप, जवळजवळ प्रत्येकाला लिहिलं जातं. शरीरात बी-12 कमी असेल तर ती गोळी हवीच, आणि शाकाहारी घरांत ते कमी असणं नेहमीचं आहे. 500 ते 1,200 रुपयांत रक्ताची तपासणी होते. ती एकदा करा आणि मग ठरवा. बी-12 पुरेसं असेल, तर महिनोन्‌महिने महाग गोळ्या खाल्ल्यानं तुटलेली नस जुळत नाही. ब्रँडची दहा गोळ्यांची पट्टी 100 ते 200 रुपयांना पडते. जनऔषधी केंद्रात त्याच प्रकारची गोळी निम्म्याहून कमी दरात मिळते. प्रीगाबालिन, गाबापेंटिन ही जळजळ-वेदनेची औषधं आहेत, बधिरपणाची नव्हेत. त्यांनी झोप येते, गाडी चालवू नये, आणि ती अचानक बंद करू नयेत. ज्याला नुसतं सुन्न वाटतं पण दुखत नाही, त्याला ती कशासाठी, हे डॉक्टरांना आदरानं विचारायला हरकत नाही.

लेझरच्या बैठका सुचवणारे दवाखाने वाढले आहेत. थोडा लाभ होतो असं काही अभ्यास सांगतात, पण पुरावा पक्का नाही. दहा बैठकांचं पॅकेज आगाऊ भरू नका. मऊरानीपूरच्या माणसाला तर त्या दहा बैठका म्हणजे दहा फेऱ्या. झाशी सुमारे 65 किलोमीटर. दोघांचं जाणं-येणं, जेवण आणि एका दिवसाची बुडालेली कमाई धरली, तर एका फेरीला हजार रुपये सहज लागतात. मऊरानीपुरात अजूनही कपडा विणणारी घरं आहेत. माग एक दिवस बंद राहिला की काय जातं, ते त्यांना विचारावं.

म्हणून फेऱ्या कमी पण ठरलेल्या ठेवा. माझ्या मते पाच पुरतात: ऑपरेशननंतर पहिल्या आठवड्यात, सहाव्या आठवड्यात, तिसऱ्या महिन्यात, सहाव्या महिन्यात आणि वर्ष झाल्यावर. मधल्या शंकांसाठी सरकारची ई-संजीवनी ही मोफत दूरसल्ल्याची सोय आहे. सरकारी दारांपैकी सर्वांत जवळचं म्हणजे झाशीचं 1968 सालचं महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेज. त्यापुढे ग्वाल्हेरचं गजराराजा मेडिकल कॉलेज, आणि अवघड केससाठी लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाचा दंतविभाग. महाराष्ट्रातल्या वाचकांना मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. कुठेही गेलात तरी ‘ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जन’ हे शब्द विचारा. नुसत्या दातांच्या डॉक्टरांचं हे काम नाही.

फेऱ्यांच्या मधल्या काळात घरी करायची तपासणी फुकट आहे आणि तीच सगळ्यांत मोलाची. आरशासमोर बसा. कापसाचा बारीक धागा करून चांगल्या बाजूकडून बधिर बाजूकडे हळूहळू न्या. जिथे कळेनासं होतं तिथे काजळाच्या पेन्सिलीनं ठिपका द्या. असे सात-आठ ठिपके जोडले की बधिर भागाचा नकाशा तयार होतो. त्याचा फोटो काढा. मग घरातल्या कोणाला तरी काडीच्या बोथट आणि टोकदार बाजूनं आळीपाळीनं हलकेच टेकवायला सांगा, आणि डोळे मिटून दहापैकी किती बरोबर ओळखलं ते लिहा. गार चमचा आणि कोमट चमचाही तसाच. दर पंधरा दिवसांनी हे केलं, की तीन महिन्यांत डॉक्टरांपुढे ठेवायला सहा फोटो आणि सहा ओळी होतात. मामेभावाचं हे मी चौथ्या महिन्यात सुरू करून दिलं. त्याच्याकडे आधीचं काहीच नसल्यामुळे सुधारतंय की जागच्या जागी आहे, हे सांगणारं कोणी नव्हतं.

याच वेळी एक व्यायाम करा. मऊ ब्रश बधिर भागावर ठरावीक दिशेनं फिरवायचा, आरशात पाहत, ‘आता डावीकडून उजवीकडे’ असं मनात म्हणत. मग डोळे मिटून तेच. दिवसातून चार-पाच वेळा, एका वेळी काही मिनिटं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या संशोधकांनी 2007 साली जबड्याच्या ऑपरेशनच्या रुग्णांवर हे तपासून प्रसिद्ध केलं. असा सराव केलेल्यांना बधिरपणाचा त्रास कमी जाणवला. नस लवकर वाढते असा त्याचा अर्थ नाही, पण मेंदू परतलेले संदेश ओळखायला शिकतो. खर्च एका ब्रशचा.

रोजच्या जपणुकीचं थोडक्यात. चहा बोटानं किंवा वरच्या ओठानं तपासून मगच प्या. जेवल्यावर आरसा पाहा, शीत कुठे चिकटलंय ते आपल्याला कळत नाही. दाढी शक्यतो इलेक्ट्रिक यंत्रानं करा. जेवताना ओठ चावला गेला तर जखम दिसेपर्यंत समजत नाही, म्हणून छोटे घास घ्या. आणि तंबाखू-चुना खालच्या ओठात धरण्याची सवय असेल, तर ती या काळात दुप्पट घातक आहे. चुना कातडी भाजतो आणि भाजल्याचं कळवणारी नसच गप्प असते.

तिसऱ्या महिन्याची फेरी मात्र चुकवू नका. तोवर नकाशा अजिबात लहान झाला नसेल, कापूस आणि टोक दोन्ही कळत नसतील किंवा जळजळ वाढत असेल, तर ‘वर्षभर वाट पाहू’ हा सल्ला पुरेसा नाही. नस सूक्ष्मदर्शकाखाली सोडवून, जोडून, किंवा पायाच्या बाजूची एक नस बसवून दुरुस्त करता येते, आणि ही शस्त्रक्रिया तीन ते सहा महिन्यांत केली तर फळ चांगलं मिळतं. जिभेच्या नसेला तर तीन महिन्यांच्या आतबाहेरच निर्णय हवा. वर्षानंतर शक्यता बरीच उतरते. हे काम करणारे सर्जन थोडे आहेत आणि बिल मोठ्या ऑपरेशनचंच होतं. आयुष्मानच्या यादीत एखाद्या शस्त्रक्रियेचं नाव नसेल, तर पूर्वमंजुरी घेऊन 1 लाखापर्यंतची सोय आहे. रुग्णालयाला ती मागायला सांगा.

ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे, जबडा सरकवण्याचं, त्यांनी पूर्ण हिशोब आधी मांडावा. खासगीत एका जबड्याचे साधारण 1 ते 2.5 लाख, दोन्हींचे 2 ते 5 लाख, शिवाय आधीच्या वर्ष-दीड वर्षाच्या दातांच्या तारांचे पैसे वेगळे. कोटेशन लेखी घ्या. प्लेटा, भूलतज्ज्ञ, खोली, ऑपरेशननंतरच्या भेटी यांतलं काय धरलंय आणि काय नाही, ते त्यात लिहिलेलं असू द्या.

सही करण्याचा कागद तुम्हाला कळणाऱ्या भाषेत समजावून घेणं हा तुमचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयानं 2008 च्या समीरा कोहली प्रकरणात संमतीचे नियम स्पष्ट केले आहेत. बधिरपणा येणं म्हणजे डॉक्टरांची चूक असं नव्हे, तो या ऑपरेशनचा ज्ञात धोका आहे. पण तो न सांगणं ही तक्रारीची गोष्ट होऊ शकते. जिल्हा ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे, भरलेले पैसे 5 लाखांपर्यंत असतील तर शुल्क नाही, आणि सल्ल्यासाठी 1915 हा क्रमांक आहे. अपघात झाला असेल तर मोटार अपघात दाव्यातही नसेच्या इजेची नोंद उपयोगी पडते. कायद्यात त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत दिलेली आहे. धडक देऊन गाडी पळून गेली असेल, तर गंभीर दुखापतीला 50,000 रुपये मिळतात, आणि मोडलेलं हाड कायद्यात गंभीर दुखापतच धरतात.

मामेभावाच्या केसपेपरवर ऑपरेशनच्या आधी ओठाला कळत होतं की नव्हतं, हे कोणी लिहिलंच नाही. रुग्णालयाचं नाव मी देत नाही, कारण ही चूक एकाच रुग्णालयाची नाही. पण त्यामुळे नस पडल्यावर तुटली की ऑपरेशनमध्ये ताणली, याचं उत्तर आज कोणाकडेच नाही. आठव्या महिन्यात त्याला हनुवटीच्या कडेला कापूस कळू लागला. ओठाचा मधला भाग अजून सुन्न आहे.

तुमच्या घरात कोणाचं जबड्याचं ऑपरेशन ठरलं असेल, तर थिएटरमध्ये नेण्याआधी डॉक्टरांना एवढी विनंती करा: खालचा ओठ, हनुवटी, जीभ, डावीकडे आणि उजवीकडे कळतं का, हे केसपेपरवर लिहा. दोन मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत. त्या पानाचा फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवा.